एफएम सिंथ: यंत्र घ्यावं की सॉफ्टवेअर? पैसे देण्याआधी क्रमाने करायच्या गोष्टी

एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) सिंथ म्हणजे एका लहरीने दुसरी लहर ढवळून आवाज बनवणारं वाद्य. ते घेताना बहुतेकांची निवड चुकत नाही, क्रम चुकतो. आधी यंत्र घरी येतं आणि मग ते कशासाठी हवं होतं याचा शोध सुरू होतो. जुना यामाहा डीएक्स-७ घेतला जातो, आतले ३२ तयार आवाज वाजवून होतात. मग एडिटचं बटण दाबल्यावर दोन ओळींच्या पडद्यावर नुसते आकडे दिसतात आणि काही महिन्यांत यंत्र विक्रीला निघतं. याच्या उलटही होतं. लॅपटॉपवर पाच-सहा प्लगइन्स (सॉफ्टवेअरमधली वाद्यं) भरलेली असतात, पण एकातही प्रीसेटच्या, म्हणजे तयार आवाजांच्या, पुढे गेलेलं नसतं. दोघांचा अडथळा एकच आहे: एफएम कसं चालतं हे हाताला कळण्याआधीच साधन ठरवलं गेलं.

ॲनालॉग सिंथच्या बाबतीत यंत्र की सॉफ्टवेअर हा वाद आवाजाच्या पोतावर होतो आणि त्यात तथ्य असतं. एफएममध्ये तो वाद फार लांब जात नाही, कारण १९८३ चा डीएक्स-७ सुद्धा मुळात डिजिटलच आहे. त्याच्या एका आवाजाची सगळी माहिती १५५ बाइट्समध्ये मावते. तीच फाइल त्या यंत्रातही उघडते आणि डेक्स्ड नावाच्या मोफत प्लगइनमध्येही. बाकीची वाद्यं सोबत असताना या दोन आवाजांतला फरक ओळखणं अवघड जातं. म्हणून निर्णय तीन गोष्टींवर घ्यायचा: आवाज बनवताना हात कशावर असणार, वाजवणं कुठे होणार आणि ऐन वेळी भरवसा कशावर ठेवायचा. खालचे टप्पे या तीन प्रश्नांची उत्तरं काढण्यासाठी आहेत. ते याच क्रमाने करा.

आधी जमवायचं सामान

लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर, वायरचे हेडफोन आणि जोर ओळखणारा, म्हणजे व्हेलॉसिटी असलेला मिडी कीबोर्ड (मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातली संदेशांची पद्धत). ऑडिओ इंटरफेस, म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज आत-बाहेर नेणारा डबा, असेल तर उत्तम. नसेल तर पहिले दोन टप्पे त्याच्याशिवायही होतात. कीबोर्ड मित्राकडून चार दिवस आणला तरी चालेल. तुमच्याकडे ऑर्केस्ट्रात वाजवायचा अरेंजर कीबोर्ड असेल आणि त्याला यूएसबी किंवा मिडी आउट असेल, तर तोच जोडा.

सावधान: ब्लूटूथ हेडफोनवर यातली कुठलीही चाचणी करू नका. त्यांतून आवाज एवढा उशिरा येतो की सॉफ्टवेअरच वाईट आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

टप्पा १: गरज कागदावर लिहा

कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं पूर्ण वाक्यांत लिहा. नुसतं 'स्टुडिओ' किंवा 'लाइव्ह' लिहून भागत नाही.

१. हा आवाज कुठे वाजणार आहे? घरी रेकॉर्डिंगसाठी, की लग्नाच्या आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत, जिथे वीज जनरेटरवरून येते आणि सेटअपला वीस मिनिटं मिळतात?

२. एका वेळी किती स्वर लागणार? इथे लोक हमखास कमी मोजतात. इलेक्ट्रिक पियानोवर दोन्ही हातांनी सहा स्वरांचा कॉर्ड धरला, सस्टेन पेडल दाबलं आणि पुढचा कॉर्ड वाजवला, तर आधीचे सहा अजून घुमत असतात. म्हणजे बारा झाले. डीएक्स-७ मध्ये १६ स्वर मिळतात, यामाहा रीफेस डीएक्समध्ये ८ आणि कॉर्ग व्होल्का एफएमच्या पहिल्या आवृत्तीत फक्त ३. बेस लाइनसाठी तीन पुरेसे आहेत, पियानोसाठी नाहीत.

३. तुम्ही आवाज बनवणार, की बनवलेले वापरणार? याचं खरं उत्तर द्या. तयार आवाज वापरणं हे पूर्ण प्रामाणिक काम आहे. जगात डीएक्स-७ साठी हजारो आवाज बनलेले आहेत आणि ते मोफत मिळतात. पण मग नॉब्जने भरलेल्या यंत्रासाठी पैसे मोजायचं कारण उरत नाही.

तपासा: हा कागद वाचून तिसऱ्या माणसाला सांगता आलं पाहिजे की तुम्ही कुठे, काय आणि किती बोटांनी वाजवणार आहात. नाही सांगता आलं, तर पुन्हा लिहा.

टप्पा २: दोन ऑपरेटरवर एफएम शिका

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा गाळला जातो आणि पुढची प्रत्येक चूक इथूनच येते. डेक्स्ड डाउनलोड करा. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. पुढच्या क्रमाने जा.

१. 'इनिट' दाबा. आता अल्गोरिदम १ वर (अल्गोरिदम म्हणजे ऑपरेटरांची आपसातली जोडणी) फक्त पहिला ऑपरेटर, म्हणजे लहर बनवणारा एक घटक, वाजतो आहे. साधी साइन लहर आहे ही, अगदी सपाट आवाज. ऐकू येणाऱ्या ऑपरेटरला कॅरिअर म्हणतात.

२. दुसरा ऑपरेटर पहिल्याला ढवळतो, तो मॉड्युलेटर. त्याची आउटपुट लेव्हल शून्यावरून हळूहळू वर न्या. बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटेल, मग पन्नाशी-साठीच्या पुढे आवाज झपाट्याने चमकदार व्हायला लागेल. कारण ही पट्टी सरळ नाही, साधारण दर ८ पायऱ्यांना परिणाम दुप्पट होतो. नवखे लोक लेव्हल थेट ९९ ला नेतात आणि एफएम म्हणजे कर्कश असं मत बनवतात. ७० ते ८५ च्या पट्ट्यात एकेक पायरी सरकवा, काम तिथेच होतं.

३. आता मॉड्युलेटरचा रेशो, म्हणजे तो वाजवलेल्या स्वराच्या किती पट चालतो तो आकडा, बदला, बाकी काहीही हलवू नका. कॅरिअर १ आणि मॉड्युलेटर १ असेल तर सगळे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे सूर) येतात आणि आवाज ब्रासकडे झुकतो. मॉड्युलेटर २ केला की फक्त विषम हार्मोनिक्स उरतात, आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ होतो. ३.५ केला की घंटा वाजते. डेक्स्डमध्ये रेशोची दोन नियंत्रणं आहेत, ढोबळ (कोर्स) आणि बारीक (फाइन); कोर्स २ आणि फाइन ७५ ठेवलं की बरोबर ३.५० मिळतं, कारण फाइन हा कोर्सला गुणतो. १४ ठेवून लेव्हल कमी केली की इलेक्ट्रिक पियानोवर हातोडी आपटतानाचा तो 'टिंग' मिळतो.

४. मॉड्युलेटरला स्वतःचा एन्व्हलप (काळानुसार पातळी कशी चढते-उतरते त्याचा आराखडा) द्या: झटकन वर, लगेच खाली. कॅरिअरचा एन्व्हलप आवाजाची पातळी ठरवतो, मॉड्युलेटरचा एन्व्हलप आवाजाचा रंग काळानुसार बदलतो. सबट्रॅक्टिव्ह सिंथमध्ये, म्हणजे भरगच्च आवाज छाटून घडवणाऱ्या सिंथमध्ये, जे काम फिल्टर करतो, ते इथे हा दुसरा एन्व्हलप करतो. एवढं एक वाक्य पचलं की सहा ऑपरेटर बघून घाबरायला होत नाही.

५. मॉड्युलेटरची व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी ० वरून ४-५ वर न्या. आता हळू वाजवलं की मऊ आणि जोरात वाजवलं की चमकदार. एफएमचा जीव इथे आहे. पियानोचे सॅम्पल कितीही महाग असले, तरी बोटाच्या जोराबरोबर असा सलग बदलणारा रंग त्यांत सहज मिळत नाही.

६. वरच्या पट्टीत वाजवून बघा. रेशो १४ असेल आणि स्वर २००० हर्ट्झचा असेल, तर मॉड्युलेटर २८,००० हर्ट्झवर जातो. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला एवढे नमुने) २२,०५० च्या वरचं काही मावत नाही, ते दुमडून खाली येतं आणि स्वराशी नातं नसलेला खरखरीत आवाज ऐकू येतो. जुन्या यंत्रांतही हे होतं. उपाय दोन्हीकडे तोच: कीबोर्ड लेव्हल स्केलिंग वापरून वरच्या सप्तकात मॉड्युलेटरची लेव्हल उतरती ठेवा.

हे सगळं दोन आठवडे रोज थोडं करा. मग एखादा ओळखीचा आवाज, समजा तानपुऱ्यासारखा घुमणारा पॅड, मनाने बांधून बघा. दोन कॅरिअर घ्या, दोघांत किंचित डिट्यून ठेवा म्हणजे लाटा येतील, आणि मॉड्युलेटरचा एन्व्हलप हळू उलगडू द्या म्हणजे जवारीचा भास होईल. हुबेहूब तानपुरा होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही.

तपासा: प्रीसेट न उघडता बेस, घंटा आणि इलेक्ट्रिक पियानो असे तीन आवाज बनवता येतात का? येत असतील तर पुढे चला. येत नसतील तर इथेच थांबा. महागडं यंत्र ही अडचण सोडवणार नाही, उलट छोट्या पडद्यामुळे ती वाढेल.

टप्पा ३: लेटन्सी मोजा, अंदाज नको

लेटन्सी म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. 'सॉफ्टवेअर उशिरा वाजतं' ही तक्रार खरी असते, पण दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. हिशेब सोपा आहे. बफर (कॉम्प्युटर एका वेळी तयार करतो तेवढे नमुने) भागिले सॅम्पल रेट. ४४,१०० वर १२८ चा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३.२. यात इंटरफेसचा थोडा वेळ वाढतो.

१. विंडोजवर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारं जोडणीचं सॉफ्टवेअर) टाका. इंटरफेस नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल वापरून बघा. मॅकवर वेगळं काही लागत नाही.
२. बफर २५६ ठेवून मेट्रोनोमवर जलद सोळाव्या मात्रा वाजवा. बोटं ओढल्यासारखी वाटली तर १२८ वर या.
३. आवाज तडतडला तर बफर वाढवण्याआधी वायफाय बंद करा, ब्राउझर बंद करा आणि लॅपटॉपचा पॉवर सेव्हिंग मोड काढा.

एफएमच्या मानाने आजचे प्रोसेसर फार ताकदवान आहेत. साधा लॅपटॉपही डेक्स्डच्या अनेक प्रती एकदम चालवतो. तडतड सुरू होते ती सहसा रिव्हर्ब आणि मोठ्या सॅम्पल लायब्ररींमुळे.

तपासा: १२८ वर न तडतडता वाजतंय आणि बोटांना उशीर जाणवत नाही? मग लेटन्सीच्या कारणासाठी यंत्र घ्यायचा मुद्दा निकालात निघाला.

टप्पा ४: हातांची चाचणी

यंत्राच्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा हात हाच आहे. माउसने एकेक खुंटी फिरवणं आणि दोन हातांनी चार गोष्टी एकदम हलवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण गंमत अशी की मूळ डीएक्स-७ वर नॉब्ज नाहीतच! एक डेटा स्लायडर आणि ढीगभर सपाट बटणं आहेत. 'हात घालता यावा' म्हणून डीएक्स-७ घेणारा माणूस नेमकं उलट साधन घेतो.

म्हणून आधी आठ नॉब्जचा साधा मिडी कंट्रोलर जोडा. डेक्स्डमध्ये हव्या त्या नियंत्रणावर राइट क्लिक करून ते नॉबला बांधता येतं. असं बांधा: तीन नॉब्ज मॉड्युलेटरच्या लेव्हलना, दोन त्यांच्या रेशोंना, दोन मॉड्युलेटरच्या एन्व्हलपच्या डिकेला (खाली उतरण्याच्या वेगाला) आणि एक फीडबॅकला (ऑपरेटरने स्वतःलाच ढवळण्याला). दोन-तीन गाणी अशी करा.

मग स्वतःला विचारा, वाजवताना तुम्ही नॉब्जना हात लावलात का? लावला असेल आणि आठ कमी पडले असतील, तर नॉब्ज असलेलं यंत्र तुमच्यासाठी खरोखर उपयोगी आहे. कंट्रोलर धूळ खात पडला असेल, तर यंत्रही तसंच पडेल.

टप्पा ५: स्वर कुठे बसवायचे ते ठरवा

पाश्चात्त्य बारा समान भागांत वाजवणाऱ्यांनी हा टप्पा सोडून द्यावा. भावगीत, अभंग, रागावर आधारलेलं काम करणाऱ्यांनी मात्र अजिबात सोडू नये.

समान पट्टीतला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), तर ५:४ या गुणोत्तराचा गंधार सुमारे ३८६ वर, म्हणजे १४ सेंट खाली. एफएमच्या स्वच्छ, लांब घुमणाऱ्या आवाजात, षड्जाच्या सुरावर धरलं की हा फरक कानाला टोचतो. मूळ डीएक्स-७ मध्ये प्रत्येक स्वर वेगळा लावायची सोय नाही. नंतरच्या डीएक्स-७-टू आणि टीएक्स-८१-झेड यांच्यात मायक्रोट्यूनिंग आहे. सॉफ्टवेअरमध्ये हे सगळ्यांत सोपं जातं, डेक्स्ड आणि सर्ज एक्सटी ही दोन्ही मोफत प्लगइन्स स्काला प्रकारच्या ट्यूनिंग फायली थेट उघडतात.

मींडेसाठी पिच बेंडची मर्यादा बघा. बहुतेक पॅचेसमध्ये (पॅच म्हणजे एका आवाजाची सगळी सेटिंग्ज) ती दोन सेमीटोनवर असते. ती वाढवून व्हीलवर सराव करा. मात्र पॉलिफोनिक पॅचवर बेंड केलं की मागे धरलेला षड्जही सरकतो. मींडेचा सूर आणि आधारसूर वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या मिडी चॅनलवर ठेवा.

टप्पा ६: यंत्र घ्यायचंच ठरलं तर कोणतं

इथवर आल्यावर टप्पा १ चा कागद पुन्हा काढा आणि त्यातल्या गरजेसमोर यंत्र मांडा.

डीएक्स-७ चे जुने आवाज स्टेजवर हवे आहेत आणि सोबत बाकीचे आवाजही लागतात: यामाहाची मोडीएक्स किंवा मोंटाज मालिका. तिच्यातल्या एफएम-एक्स इंजिनमध्ये ८ ऑपरेटर आणि ८८ अल्गोरिदम आहेत. डीएक्स-७ च्या फायली त्यात आणण्यासाठी यामाहाने रूपांतराची सोय दिलेली आहे. कार्यक्रम करणाऱ्या कीबोर्ड वादकासाठी माझ्या मते हा सर्वांत समंजस पर्याय आहे.

आवाज घडवायची हौस आहे, समोर सहा ऑपरेटर दिसायला हवेत: कॉर्ग ऑपसिक्स. प्रत्येक ऑपरेटरला लेव्हल आणि रेशोचं स्वतंत्र नियंत्रण समोर आहे. डीएक्स-७ च्या फायलीही घेतो. टप्पा २ मनापासून केलेल्या माणसाला हे यंत्र हातात घेतल्यावर फार आनंद होतो.

बीट्स, पॅटर्न्स, कॉम्प्युटरशिवाय पूर्ण ट्रॅक बांधायचा आहे: इलेक्ट्रॉन डिजिटोन. ४ ऑपरेटर, आणि पहिल्या आवृत्तीत ८ स्वर चार ट्रॅक्समध्ये वाटून मिळतात. डीएक्स-७ च्या फायली यात जात नाहीत. तुम्ही एक सिक्वेन्सर घेत आहात ज्यात एफएम आहे, असं समजून घ्या.

प्रवास आणि रियाज: यामाहा रीफेस डीएक्स. ४ ऑपरेटर, ३७ छोट्या पट्ट्या, आत स्पीकर, सहा एए बॅटऱ्यांवर चालतो. वीज गेली तरी वाजत राहतो. सहा ऑपरेटरचे जुने पॅचेस यात चालत नाहीत, ते आधी लक्षात घ्या.

कमी पैशात डीएक्स-७ च्या फायली वाजवणारं यंत्र: व्होल्का एफएम. पहिली आवृत्ती बाहेरच्या कीबोर्डचा जोर मिडीवरून घेत नाही. टप्पा २ च्या पाचव्या पायरीत जो जीव म्हटलं, तोच इथे हरवतो. दुसऱ्या आवृत्तीत जोर कळतो आणि स्वरही ६ झाले. दोन्हींत किमतीचा फरक दिसला तरी दुसरीच घ्या.

हाताने थोडं जुळवायची तयारी आहे: रास्पबेरी पायवर चालणारं मिनिडेक्स्ड. ताकदवान पाय बोर्डावर एका वेळी आठ डीएक्स-७ वाजतात आणि विंडोज अपडेटची भीती नाही.

टप्पा १ मध्ये 'तयार आवाज, घरी रेकॉर्डिंग' असं लिहिलं असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. डेक्स्डवर राहा. पैसे द्यायचेच असतील तर एफएम-८ किंवा ॲबलटन लाइव्हच्या सूट आवृत्तीतला ऑपरेटर बघा. आवाज बनवण्यासाठी दोन्हींची मांडणी डेक्स्डपेक्षा सोयीची आहे.

टप्पा ७: जुना डीएक्स-७ घेत असाल तर जागेवरची तपासणी

सोबत हेडफोन, यूएसबी-मिडी इंटरफेस, लॅपटॉप आणि तुमच्या ओळखीची एक बँक (३२ आवाजांची फाइल) न्या. विक्रेता घाई करत असेल तर परत या.

१. प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानमधून आलेली यंत्रं १०० व्होल्टची असतात. ती आपल्या २३० व्होल्टला थेट लावली की पॉवर सप्लाय जळतो. नुसता पिन बदलणारा ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही. योग्य ताकदीचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो प्रत्येक कार्यक्रमाला सोबत न्यावा लागतो.

२. फंक्शनमध्ये बॅटरीचा व्होल्टेज बघायची सोय आहे. ३ च्या आसपास आकडा हवा. आतली बॅटरी डाग देऊन बसवलेली असते, ती बदलताना मेमरी पुसली जाते.

३. ६१ च्या ६१ पट्ट्या हळू, मध्यम आणि जोरात अशा वाजवा. मग एकच पट्टी लागोपाठ वीस वेळा वाजवा. यंत्र स्वर आळीपाळीने वाटतं, त्यामुळे सोळांपैकी एखादा बिघडलेला असेल तर मधेच वेगळा ऐकू येतो.

४. प्रत्येक सपाट बटण दाबा. डेटा स्लायडर सावकाश सरकवा आणि पडद्यावरचा आकडा उड्या मारतो का ते बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या यंत्रांत दमटपणामुळे कॉन्टॅक्ट्स खराब झालेले असतात, तिथे हे दोनदा करा.

५. व्हॉल्यूम पूर्ण वर करून काहीही न वाजवता ऐका. थोडी सळसळ असतेच. पंखा लावल्यासारखी घरघर असेल तर पॉवर सप्लायचं काम निघालं आहे.

६. स्वतःची बँक पाठवा, कृती पुढच्या टप्प्यात आहे. मग तोच पॅच डेक्स्डमध्ये उघडा, दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा आणि डोळे मिटून ऐका. पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना निरुपयोगी असते, जे मोठ्याने वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. डेक्स्डच्या सेटिंग्जमध्ये इंजिनसाठी 'मार्क वन' हा पर्याय आहे, तोही लावून बघा.

७. उचलून बघा. साधारण १४ किलो आहे. केस धरून जिना चढायचा आहे, लोकलने जायचं आहे, हे तेव्हाच आठवलेलं बरं.

सावधान: परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्क, कर आणि कुरिअर धरून अंतिम आकडा आधी काढा. दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ तुमच्या शहरात आहे का, तेही आधी विचारा. जुन्या यंत्राचं ते अर्धं मूल्य आहे.

टप्पा ८: जोडणी आणि पॅचेस पाठवणं

१. पहिलं काम बॅकअप. आतले ३२ आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात तारीख घाला. नवी बँक आली की जुने सगळे ३२ एका झटक्यात जातात.

२. यंत्रावर मेमरी प्रोटेक्ट बंद करा आणि मिडीच्या पानावर 'सिस इन्फो अव्हेलेबल' चालू करा. 'फाइल जातच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा यांपैकी एक असतं.

३. बँक पाठवा. पूर्ण बँकेची फाइल ४१०४ बाइट्सची असते, मिडीच्या वेगाने तिला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. फाइलचा आकार वेगळा असेल तर ती डीएक्स-७ ची बँक नाही. आकार बरोबर असूनही नावं चुकीची दिसली तर केबल बदला. अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबल्स साधे स्वर नीट पाठवतात पण अशा लांब संदेशातले तुकडे गाळतात.

४. डीएक्स-७ स्वतः फक्त चॅनल १ वर मिडी पाठवतो. बाकी यंत्रं त्यानुसार लावा.

५. ऑडिओ लाइन इनपुटला द्या, माइक इनपुटला नको. घरघर आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर तो ग्राउंड लूप (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) आहे, डीआय बॉक्स (मधे जोडायची सिग्नलची पेटी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. पावसात, मंडपात ते जिवावर बेतू शकतं.

६. एकेक स्वर दोनदा वाजल्यासारखा जाडसर येत असेल, तर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तोच मिडी परत यंत्राकडे पाठवत आहे. त्या ट्रॅकचं मिडी मॉनिटरिंग बंद करा. नाहीतर १६ स्वरांचे ८ होतात.

७. डीएक्स-७ च्या पॅचेसबद्दल एक बारकावा. त्याच्या स्वतःच्या पट्ट्या जोराचा आकडा पूर्ण १२७ पर्यंत नेत नाहीत आणि जुने पॅचेस त्याच पट्ट्यांवर बनले आहेत. आजच्या कंट्रोलरवरून वाजवलं की ते अपेक्षेपेक्षा जास्त चिरके वाटतात. कंट्रोलरचा व्हेलॉसिटी कर्व्ह थोडा मऊ करा, आवाज जागेवर येईल.

टप्पा ९: काम बंद करताना

प्लगइनचं प्रोजेक्ट सहा महिन्यांनी उघडलं तर आवाज जसाच्या तसा येतो, यंत्राचा येत नाही. म्हणून यंत्र वापरलेल्या प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये तीन गोष्टी त्याच दिवशी ठेवा: रेकॉर्ड केलेला ऑडिओ, मिडी ट्रॅक आणि त्या पॅचची सिसेक्स फाइल (मिडीवरून यंत्रात परत पाठवता येणारी). निर्माता 'बेस जरा मऊ कर' असं उद्या सांगेल, तेव्हा ही तिसरी फाइल नसेल तर पूर्ण आवाज पुन्हा बांधावा लागेल.

सॉफ्टवेअरवाल्यांनीही ट्रॅक ऑडिओ म्हणून उतरवून ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, परवान्याचा ईमेल हरवतो, प्लगइन बंद पडतं.

स्टेजवर लॅपटॉप नेत असाल तर अपडेट्स आणि नोटिफिकेशन्स कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बंद करा आणि एक पूर्ण गाणं चार्जर काढून वाजवून बघा. यंत्र नेत असाल तर ते यूपीएसवर ठेवा, आणि फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर त्याच आवाजांची ऑडिओ रूपं ठेवा. पहिल्या कार्यक्रमाला शक्य असेल तर दोन्ही न्या: यंत्र समोर, आणि त्याच बँकेसह डेक्स्ड बाजूच्या लॅपटॉपवर, मिक्सरच्या वेगळ्या चॅनलवर, फेडर खाली.